एक कान घराचा

पुण्या-मुंबईच्या माणसाला बप्पा म्हटलं की गणपती आठवतो. आमच्या बीड जिल्ह्यात दर चौथ्या घरात एक बप्पा असतो. त्याला दहा दिवसांनी विहिरीत सोडता येत नाही, नैवेद्य मात्र दोन्ही वेळा लागतो. आमच्या गल्लीतले बप्पा पोस्टमास्तर होते. केज-अंबाजोगाई रस्त्यापासून थोडं आत आमचं बाजाराचं गाव आहे, तिथल्या पोस्टात त्यांची हयात गेली. आता वय अठ्ठ्याहत्तर. धोतर जाऊन पायजमा आला, पायजम्याला खिसा आला, खिशात मोबाइल आला, आणि त्या मोबाइलमधून एक पांढरी वायर निघून बप्पांच्या डाव्या कानात गेली, ती काही अजून बाहेर आलेली नाही.

फक्त डाव्या. उजवा मोकळा. "एक कान जगाचा, एक कान घराचा," हे पॉडकास्ट ऐकण्याचं बप्पांचं पहिलं कलम. एकूण कलमं किती हे त्यांनाही माहीत नसावं, कारण समोर माणूस दिसला की त्यांत भर पडते.

हे सगळं झालं मोतीबिंदूमुळं. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस वाचन बंद, टीव्ही बंद असं सांगितलं. बप्पा म्हणजे शेंगदाण्याची पुडी सोडली तर आधी पुडीचा कागद वाचणार, मग दाणे खाणार. हिरवी पट्टी बांधून ते ओसरीवर बसले आणि दुसऱ्याच दिवशी घरातल्यांना नको झाले. काकूंनी भाकरी किती थापल्या हे ते थापण्याच्या आवाजावरून मोजायला लागले. शेवटी संभाजीनगरला शिकणारी नात सुट्टीत आली होती, तिनं त्यांच्या मोबाइलवर एक ॲप टाकलं, कानात वायर घातली आणि म्हणाली, "बप्पा, हे ऐका. याला पॉडकास्ट म्हणतात."

बप्पांनी पहिला प्रश्न विचारला, "याचं लायसन?"

आजच्या पोरांना हे हसू येण्यासारखं वाटतं. पण एके काळी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे. लहानशी पुस्तिका, वर्षाची फी, तिकिटं चिकटवून वर शिक्का. ऐंशीच्या दशकात ते प्रकरण संपलं. गावात कुणाकडं बिनपरवान्याचा रेडिओ वाजतोय हे बप्पांना गल्लीतून जाताना कळायचं. मग ते त्या घराच्या ओट्यावर उभे राहून आतल्या बातम्या शेवटपर्यंत ऐकायचे आणि त्यानंतर कडी वाजवायचे. आधी श्रवण, मग कारवाई.

लायसन नाही, फी नाही, नुसतं 'फॉलो' करायचं, असं नातीनं सांगितलं. बप्पा म्हणाले, "म्हंजी बिनपैशाचा वर्गणीदार." आणि त्या एका शब्दावर त्यांना सगळं पॉडकास्ट कळलं. मला संगणकाची पदवी असून इतकं स्वच्छ कळलेलं नव्हतं, हे इथंच कबूल करून टाकतो.

त्यानंतर महिनाभर पारावर त्यांचे वर्ग चालले. "रेडिओ म्हंजी दवंडी. दवंडीवाला आला तव्हा तुमी रानात आसलाव तर गेली. पॉडकास्ट म्हंजी टपाल. तुमच्या नावानं येऊन पडतंय, तुमी कव्हाबी फोडा. वर्गणी एकदा लावली का नवा भाग निघाला रे निघाला, पेटीत." पेटी म्हणजे ॲप. पेट्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतात, टपाल तेच. आणि हे टपाल वाटणारा जो अदृश्य पोस्टमन, त्याचं नाव आरएसएस. हे नाव पारावर निघालं त्या दिवशी वर्ग अर्ध्यात मोडला. पारावर दोन गट बसतात. एका गटाला वाटलं संघाचं काहीतरी आहे, दुसऱ्यालाही तेच वाटलं, आणि दोन्ही गट वेगवेगळ्या कारणांनी उठून गेले. नातीनं फोनवरून समजावलं, की त्याचा अर्थ 'अगदी सोपं वाटप' असा आहे. पण तोवर उशीर झाला होता.

यात बप्पांना सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. हे आरएसएस आधी नुसता मजकूर वाटायचं. 2000-01 च्या सुमारास डेव्ह वाइनर नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरनं त्यात आवाजाची फाइल जोडायची सोय केली, आणि त्या जोडणीला इंग्रजीत जो शब्द ठेवला तो सरकारी पत्राच्या तळाशी असतो तोच. बप्पांनी मला त्याचं मराठी विचारलं. मी अडखळलो. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "सहपत्र! आरं, जल्मभर हेच केलं मी. सोबत सहपत्र एक." तेव्हापासून कोणी पॉडकास्ट म्हणजे काय विचारलं की बप्पा सांगतात, "कोऱ्या पत्राला जोडलेलं बोलकं सहपत्र." विचारणारा आणखी गोंधळतो, पण बप्पांचं समाधान होतं.

नावाची कथाही त्यांना पाठ आहे. 2001 साली ॲपलची आयपॉड ही गाण्याची डबी आली. 2004 च्या फेब्रुवारीत 'गार्डियन'मध्ये बेन हॅमर्स्ली या पत्रकारानं त्यातला 'पॉड' आणि ब्रॉडकास्टमधला 'कास्ट' जोडून शब्द करून टाकला. लेखात एक वाक्य कमी पडत होतं म्हणून. पुढच्याच वर्षी तो एका अमेरिकन कोशात वर्षाचा शब्द ठरला. आणि 2022 साली ती डबीच ॲपलनं बंद केली. डबी गेली, शब्द राहिला. "तार जुलै 2013 ला बंद झाली," बप्पा म्हणतात, "पण कुणाचं तोंड उतरलेलं दिसलं का आपन आजबी म्हनतोच ना, काय तार आली का म्हनून?" आपण आजही असं म्हणतो का, हे मला नक्की सांगता येणार नाही. बप्पा म्हणतात, एवढं खरं.

ऐकायचं कसं, हा मात्र स्वतंत्र विषय, आणि इथं बप्पा कोणाचं ऐकत नाहीत.

दुसरं कलम, रिकाम्या हातानं ऐकू नये. हात रिकामे राहिले की डोळे हिंडतात, डोळे हिंडले की कान त्यांच्या मागं जातो. म्हणून शेंगा फोडाव्यात, तूर निवडावी, दाव्याला पीळ द्यावा. बप्पांनी एका हिवाळ्यात दीड पोतं शेंगा फोडल्या आणि त्या ओघात दुसरं महायुद्ध संपवलं. काकू चुलीपाशी बसून हे कलम ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "माझं हात पन्नास वर्सात कव्हा रिकामं व्हते? मला कुनी वायर दिली का?" बप्पांनी हे ऐकलं नाही. तो त्यांचा डावा कान होता.

तिसरं कलम वेगाचं. ॲपमध्ये आवाजाची गती कमीजास्त करता येते हे कळलं तेव्हा बप्पांना बालपण परत मिळालं. त्यांच्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकलेली. पडद्यावर पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड असे आकडे ओळीनं उभे पाहून ते म्हणाले, "हे ॲप आपल्याच शाळेतल्या पोरानं काढलंय." मग त्यांनी माणसांची वर्गवारी केली. पुण्याचे तज्ज्ञ पाऊणकीत ऐकायचे, कारण ते घाईत असतात. पुढारी दिडकीत, कारण वाक्य संपायला वेळ लागतो. अर्थसंकल्पावर बोलणारे निमकीत, तरी कळत नाहीत. "औटकी तेवढी नाही," असं ते हळहळायचे, म्हणजे साडेतीनपट. मग स्पॉटिफायमध्ये खरोखरच साडेतीनपट निघाली. बप्पांनी त्यात एक मुलाखत लावली. टिटव्यांचा थवा उठावा तसा आवाज झाला, दारातली शेळी दावं तोडून गेली.

लांबीचंही माप त्यांचं स्वतःचं आहे. दहा-बारा मिनिटांचं असेल ते पोस्टकार्ड. बीबीसी मराठीची 'सोपी गोष्ट' त्यांना या मापाची म्हणून आवडते, चहा निवायच्या आत एक विषय उरकतो. अर्धा-पाऊण तास म्हणजे आंतरदेशीय. 'अमुक तमुक'सारख्या निवांत गप्पा म्हणजे जाड पाकीट, जादा तिकीट लावलेलं, ते रविवारी फोडायचं. आणि अडीच-तीन तासांच्या पुढं गेलं की ती पासोडी. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर पंचीकरण लिहून काढलं, ते कापड आजही तिथं आहे. बप्पा लहानपणी वडिलांबरोबर ते बघून आले होते. "दासोपंताला कागद पुरंना म्हनून त्यानं कापड घेतलं," ते म्हणतात. "ह्या पोरांना काय पुरंना?"

यूट्यूबवरच्या पॉडकास्टला ते पॉडकास्ट मानतच नाहीत. दोन माणसं सोफ्यावर, प्रत्येकाच्या तोंडापुढं वांग्याएवढा माइक, मागं निळा दिवा. हे बघायचं की ऐकायचं? फुकटात ऐकायचं तर पडदा चालू ठेवावा लागतो; मोबाइल खिशात घालावा तर आवाज बंद. "तोंड बगितल्याबिगर बोलनार न्हाई म्हनतंय, हे काय नव्या नवरीचं घर हाय का?" माझं मत वेगळं आहे. मराठीत आज चांगल्या गप्पा व्हिडिओतच जास्त सापडतात, आणि गावाकडचा माणूस पॉडकास्ट हा शब्द तिथूनच शिकला. पण हे मत मी बप्पांपुढं मांडत नाही. त्यांच्या घरी चहा चांगला मिळतो.

आता त्यांचं खरं दुखणं. बप्पा पोस्टमास्तर होते, पण गावाच्या दृष्टीनं त्यांचं मोठं काम पत्र वाचून दाखवण्याचं. फौजेतल्या मुलाचं, मुंबईतल्या भावाचं, बायका पदर सावरून पोस्टाच्या पायरीवर बसायच्या आणि बप्पा वाचायचे. कुठं थांबायचं, कुठली ओळ हळू वाचायची, कुठली गाळायची, हे ते समोरच्या तोंडाकडं बघून ठरवायचे. ऐकणारी 'हं' म्हणायची, मग पुढची ओळ. बिनहुंकाराचं वाचन त्यांनी कधी केलं नाही, बिनहुंकाराचं श्रवण त्यांना जमत नाही. म्हणून पॉडकास्टलाही ते 'हं' म्हणतात. 'बरं' म्हणतात. 'मग?' विचारतात. आणि पटलं नाही तर मोठ्यानं तसं सांगतात.

पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. रांग सरकत सरकत बप्पा खिडकीपाशी पोचले. आतल्या मुलानं आदरानं विचारलं, "बप्पा, हयात आहात ना?"

बप्पा तिडकीनं म्हणाले, "मला न्हाई पटत."

कानातल्या बाईनं ज्वारीपेक्षा ओट्स पचायला हलके असं नुकतंच सांगितलं होतं. मागच्या रांगेला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. दोघांनी पुढं होऊन बप्पांना आधार दिला, एकानं पाणी आणलं.

दसरा झाला की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला सांगली, कोल्हापूर, पार बेळगावकडच्या कारखान्यांपर्यंत. पाच-सहा महिने फडात आणि पाचटाच्या कोपीत. रेंज असली तर असली. गल्लीतलं एक जोडपं दरवर्षी जातं, बरोबर सहा-सात वर्षांचं पोर. निघायच्या आदल्या संध्याकाळी बप्पांनी त्यांना बोलावलं. "तिकडं टपाल पोचनार न्हाई. हितंच भरून घेऊन जा." हे डाउनलोडचं कलम, आणि मला वाटतं बप्पांनी गावाला शिकवलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट. वायफाय असेल तिथं भाग उतरवून घ्यायचे, मग नेटची गरज नाही, पैसे जात नाहीत. पूर्वी बाजारात मोबाइलच्या दुकानात तीस-चाळीस रुपयांत मेमरी कार्डावर कीर्तनं भरून मिळायची, त्याचीच ही फुकट आवृत्ती. काकू आत धपाटे बांधत होत्या, बाहेर बप्पा भाग बांधत होते. त्या गड्यानं कीर्तन मागितलं, बायकोनं हसायचं काहीतरी मागितलं. बप्पांनी दोघांना रिझर्व्ह बँकेवर चार भाग भरून दिले.

पंधरा दिवसांनी फोन आला. बप्पांनी विचारलं, "ऐकलं का रेपो रेटचं?"

"ऐकलं की. चांगलं सांगितलंय. पर बप्पा, उचलीचं व्याज कुठल्या भागात हाय?"

बप्पा त्यावर काहीच बोलले नाहीत. फोन ठेवला आणि कानातली वायर काढून बराच वेळ तिचा गुंता सोडवत बसले.

त्या रात्रीच बहुतेक त्यांनी ठरवलं, की आता आपणच पॉडकास्ट काढायचं. फडातल्या माणसाला समजेल असं. नाव ठरलं 'श्रवणसिंधू'. अंबाजोगाई जवळ, मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये 'विवेकसिंधू' लिहिला, तेव्हा इकडच्या माणसानं सिंधूच्या खाली यायचं नाही. तयारी मी बघितली आहे. मोबाइल हाच माइक. खोलीत आवाज घुमू नये म्हणून चारही भिंतींना गोधड्या टांगलेल्या. शहरातले लोक यासाठी स्पंज चिकटवतात. आमच्या गोधड्या त्याहून सरस निघाल्या, फक्त बप्पांना आत घाम फुटायचा. पहिल्या भागाचा विषय अर्थातच, ऐकायचं कसं. उचलीचं व्याज पुढच्या भागात येणार होतं. लांबी 52 मिनिटं. दोन घोट पाणी पिऊन, घसा खाकरून बप्पा सुरू झाले, आणि बाराव्या मिनिटाला बाहेरून काकूंचा खणखणीत आवाज आला, "आवं, ऐकलं का? नळ आला!" त्यामागं घागरींचा खडखडाट, शेजारणीची हाक, कुणाच्या तरी बादलीची कडी, पळापळ. आमच्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी येतो. त्या क्षणी सिंधू वगैरे सगळं बाजूला राहतं. बप्पा स्वतः घागर घेऊन पळाले. मोबाइल चालूच.

"तेवढं काप," असं त्यांनी नातीला बजावलं होतं. तिनं कापलं नाही. विसरली म्हणते. मला शंका आहे.

भाग चढला. आठवड्यात सात जणांनी ऐकला. त्यांतले एक मी, एक नात, आणि दोन वेळा स्वतः बप्पा. मग बेळगावकडून फोन आला. बप्पांनी तो स्पीकरवर घेतला, कारण अभिप्राय चारचौघांत ऐकावा असं त्यांचं कलम आहे.

"बप्पा, लई भारी झालं. पोरगं सोडंना. रातीला कोपीत धा-धा येळा लावायलंय."

"काय लावायलंय?"

"ते नळ आल्यालं. काकूची हाक, घागरी, समदं. डोळं झाकलं का गल्लीत आल्यावानी वाटतंय. ही तर परवा रडली ऐकून. शेजारच्या कोप्या बी येत्यात ऐकाया. आमी त्याला 'ऐकलं का' म्हनतो. 'ऐकलं का'चा दुसरा भाग कव्हा टाकताव?"

बप्पांनी सावध आवाजात विचारलं, "आन बाकीची पन्नास मिन्टं?"

पलीकडं थोडा वेळ नुसती खरखर. मग तो गडी म्हणाला, "हं."

दुसऱ्या भागाला मी मुद्दाम हजर होतो. बप्पांनी दोन दिवस कुरबूर केली, मग तेच काकूंना म्हणाले, की पहिल्यासारखी एक हाक द्यायला हरकत नाही. काकूंनी वेणीफणी केली, पदर खोचला आणि गोधडीच्या कोपऱ्यातून डोकं आत घालून विचारलं, "काय म्हनू? नळ म्हनू का शेळी?" नळच म्हणायचं ठरलं. दहाव्या मिनिटाला.

हाक सातव्याच मिनिटाला आली. "आवं, ऐकलं का? नळ आला!" बप्पांनी माझ्याकडं बघून समाधानानं मान डोलावली, बोलणं चालू ठेवलं. थोड्या वेळानं पुन्हा आवाज, या वेळी वरच्या पट्टीत, "आवं, खरंच आलाय!" बप्पांनी हात उंचावून मला दाद द्यायला लावली. तिसऱ्या हाकेत तर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार होता, आणि ती ऐकून ते पुटपुटले, "काय काम करती बग." भाग पूर्ण 41 मिनिटांचा झाला.

गोधडी बाजूला सारून आम्ही बाहेर आलो तेव्हा नळ शेवटचं सूं सूं करत होता. दोन घागरी भरलेल्या, रांजण कोरडा, आणि काकू ओट्यावर पाय सोडून बसलेल्या. बप्पांच्या डाव्या कानातली वायर त्यांनी शांतपणे काढली, स्वतःच्या कानात घातली आणि म्हणाल्या, "टँकरवाल्याला फोन करा आता. मी ऐकायलेय."